तेल प्यालेल्या चिंध्या

"काका, ह्या चिंध्या आधी काढा न इथून," गार्गी काचेच्या दारातूनच म्हणाली. "चार वाजता पाहुणे येऊन राहिले. हॉलमध्ये बसलं की सगळा डेकच दिसते, आणि त्याच्यावर हे असं तोरण!"

गिरिधर डेकच्या कोपऱ्यात उकिडवा बसून शेवटच्या पट्टीवर तेलाचा हात मारत होता. त्याने मान वर करून रेलिंगकडे पाहिलं. सकाळपासून वापरलेल्या अकरा चिंध्या त्याने एकेक करून टांगल्या होत्या, एकीचा पदर दुसरीला लागणार नाही अशा.

"वाळू द्या लागते बाई त्यायले," तो म्हणाला. "जवसाचं तेल आहे न, तं ते..."

"घरी नेऊन वाळवा न. त्या पिशवीत टाका अन् घेऊन जा. आमच्या पोरीले, मयुराले पाहाले येऊन राहिले ते लोक, समजून घ्या."

गिरिधरने समजून घेतलं. समजून घेण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात त्याने गिऱ्हाइकाला उलटून उत्तर दिल्याचं एकही उदाहरण नव्हतं, आणि बायको सत्यवती तर म्हणायची, "तुमच्या तोंडात जीभ देवानं पान खायासाठीच देली." भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तसं त्याच्यापाठी कायम कुणीतरी लागलेलं असायचं. कधी गिऱ्हाईक, कधी पोलीस, कधी नुसता मोठ्याने बोलणारा माणूस.

त्याने रेलिंगवरच्या चिंध्या काढल्या. तांदळाची रिकामी पिशवी होती, तिच्यात कोंबल्या. कोंबताना त्याचे हात क्षणभर थांबले. मग त्याने स्वतःला सांगितलं, पाच मिनिटांचाच तर प्रश्न आहे, खाली गेलो की बादलीत बुडवू.

डेक मात्र असा झाला होता की कुणीही पाहत राहावं. रामदासपेठेतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, हॉलला लागून असलेल्या गच्चीवर कुणा हौशी आर्किटेक्टने सागवानी पट्ट्यांची ही जमीन करून दिली होती. नंतर सहा वर्षं तिला कुणी हात लावला नाही. नागपूरचं ऊन माणसाला सोडत नाही, ते लाकडाला काय सोडणार! पट्ट्या राखाडी पडल्या होत्या, कडा उलल्या होत्या, स्क्रूची डोकी वर आली होती, आणि कुंड्यांच्या बुडांची काळी वर्तुळं जागोजाग उमटली होती. गिरिधरने नऊ दिवस घातले. कुजलेल्या दोन पट्ट्या बदलल्या. सगळं लाकूड ऑक्झॅलिक आम्लाच्या पाण्याने धुऊन त्याचा राखाडीपणा काढला, मशीनने घासलं, मग गुडघ्यावर बसून हाताने घासलं. त्यावर अक्रोडी रंगाचा स्टेन चढवला आणि जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. आता सागाच्या रेषा वर आल्या होत्या आणि तळवा फिरवला तर कुठे अडत नव्हता.

ही सगळी हौस यमुताईंसाठी होती. त्या गार्गीच्या नवऱ्याची, उन्मेषची आई. खुब्याचं हाड मोडल्यापासून चार महिने त्या अंथरुणात होत्या, आणि त्यांचा पलंग डेककडच्या खिडकीला लागूनच होता. पावसाळ्याआधी चाकाच्या खुर्चीवर बसून बाहेर यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. नऊ दिवस त्या खिडकीतून गिरिधरचं काम पाहत होत्या, आणि नऊ दिवस तो त्यांच्याशी जेवढा बोलला, तेवढा वर्षभरात बायकोशीही बोलला नसेल.

गिरिधरने सामान आवरलं. हातात घासायचं मशीन, खांद्यावर झोळी, दुसऱ्या हातात डबे. पिशवी पुढच्या खेपेला नेऊ म्हणून त्याने ती खिडकीखालच्या, तळ नसलेल्या झाकणाच्या बाकड्याच्या आत सरकवली. बाजूलाच थिनरचा अर्धा भरलेला डबा होता, तोही पुढच्याच खेपेचा.

खाली गेला तर चौकीदार सुशील स्कूटीजवळ उभाच होता.

"काका, गाडी काढा पहिले. मॅडमनं जागा खाली ठेवाले सांगतली, पाहुण्यायच्या दोन गाड्या येऊन राहिल्या."

"एक खेप राहिली गा वरची."

"मंग आणजा उद्या. आता काढा बाप्पा, माह्यावर बोलणं येईन."

गिरिधरने गाडी काढली. मशीन भाड्याचं होतं, ते बारापर्यंत लकडगंजात पोचवायचं होतं आणि साडेबारा होऊन गेले होते. मशीनवाला आता काय बोलेल, ह्याच एका धास्तीत तो निघाला. बाकी सगळं डोक्यातून पुसलं गेलं.

लकडगंजात मशीन देऊन, मशीनवाल्याची दोन वाक्यं ऐकून, गिरिधर नेहमीसारखा लांबच्या रस्त्याने सक्करदऱ्याला परतला. सरळ रस्ता एका जुन्या लाकडाच्या वखारीवरून जात होता. तिथे आता टाइल्सचं दुकान होतं, तरी तो त्या गल्लीने कधी जायचा नाही. घरी पोचून, आंघोळ करून ताटावर बसेपर्यंत साडेतीन वाजले. सत्यवतीने भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली आणि बरणी उघडून चमचाभर जवसाची चटणी ताटाच्या कडेला टाकली.

वास त्याच्या नाकात गेला आणि घास हातातच राहिला.

"काय झालं वं बाई," सत्यवती स्वतःशीच म्हणाली आणि मग त्याच्याकडे वळली. "खारट झाली का?"

"पिशवी," गिरिधर म्हणाला.

"कोणती पिशवी?"

अकरा चिंध्या. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. बाकड्याच्या आत वारा नाही. शेजारी थिनर, वर खिडकी, खिडकीशी पलंग आणि पलंगावर पाऊल टेकवता न येणारी म्हातारी. त्याचे कान बधिर झाले. सत्यवतीचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते.

जवसाचं तेल इतर तेलांसारखं नुसतं वाळत नाही. वाळताना ते तापतं. चिंधी मोकळी टांगली तर ती ऊब वाऱ्यावर निघून जाते. गठ्ठा केला तर ऊब आतल्या आत साठते, वाढत जाते आणि तीन-चार तासांनी काडी न लावता गठ्ठा पेट घेतो. पॉलिशच्या धंद्यातल्या माणसाला हे ठाऊक असतं. गिरिधरला हे ज्या रीतीने कळलं, तसं कुणालाच कळू नये.

तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. लकडगंजातल्या त्या वखारीत नत्थूजी नावाच्या उस्तादाच्या हाताखाली पॉलिशचं काम शिकत होता. चिंध्या रोज टांगायच्या, असं नत्थूजीने सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. एका शनिवारी सिनेमाची घाई होती म्हणून गिरिधरने चिंध्यांचा बोळा केला आणि फळ्यांच्या मागे फेकला. इंटरव्हलमध्ये बाहेर आला तर लकडगंजाच्या बाजूला आभाळ काळं झालं होतं.

माणूस कुणी मेला नाही. पण वखार गेली, आणि कुणाला तरी धरायला हवं होतं. वामनराव म्हणून वखारीचा चौकीदार होता, त्याला धरलं. राखेशेजारी बिडीचं थोटूक सापडलं म्हणे. "मी तं बिडीले हातबी नाही लावत जी," वामनराव सांगत राहिला, आणि ते खरं होतं. पोलिसांनी त्याला दोन दिवस ठेवून घेतलं. नोकरी गेली. पुढे कुठल्याही वखारीने त्याला दारात उभं केलं नाही. तो सक्करदऱ्याच्या तलावाशी फुटाण्याची टोपली घेऊन बसायला लागला. कॉलेजची पोरं जाता येता "वामनराव, बिडी पेटवता का?" म्हणायची, आणि तो खाली मान घालून फुटाणे मोजायचा.

आगीच्या चौथ्या दिवशी नत्थूजीने गिरिधरला एकांतात गाठलं होतं. "तेल पेलेली चिंधी निजत नाही, लेका. तिच्या पोटात जाळ राहते. तूनं बोळा केला होता न?" गिरिधर रडायला लागला. नत्थूजी म्हणाला, "आता तोंड शिव. मालक तुले जित्ता ठेवणार नाही." गिरिधरने तोंड शिवलं, ते शिवलंच. सत्यवतीलाही त्याने हे कधी सांगितलं नाही. तो रोज संध्याकाळी वामनरावाकडून पुडीभर फुटाणे घ्यायचा आणि वळणावर गाईला टाकायचा, कारण ते त्याच्या घशाखाली उतरत नसत. आठ वर्षांपूर्वी वामनराव गेला. गिरिधर घाटावर सगळ्यात मागे उभा होता आणि कुणी आपल्याकडे पाहत तर नाही ना, एवढंच बघत होता.

"अहो, जाता कुठी? ताट टाकून?"

गिरिधर पायात चप्पल न घालताच स्कूटीवर बसला होता. त्याने गार्गीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. पाहुणे आले असणार, फोन आत कुठेतरी पडला असणार. उन्मेषचा नंबर त्याच्याकडे नव्हता. अग्निशमनला फोन करावा का? करून काय सांगावं? चिंध्या आहेत म्हणून? हसतील. आणि नाही हसले तर नाव विचारतील. नाव विचारतील ह्या विचाराने त्याने फोन खिशात टाकला, आणि टाकल्या टाकल्या त्याला स्वतःची किळस आली.

मेडिकल चौकात सिग्नल लाल होता. वर सावलीसाठी हिरवी जाळी बांधलेली, तिच्याखाली दुपट्टे बांधलेली माणसं निवांत उभी. गिरिधरने रामदासपेठेच्या दिशेला पाहिलं. आभाळ पांढरंफटक होतं. कुठे धूर नव्हता. म्हणजे काहीच झालं नसेल? की अजून व्हायचं असेल? तो मनात देवाशी सौदा करायला लागला. एवढ्या वेळेला सोड, पुन्हा ह्या तेलाला हात लावणार नाही. मग त्याला आठवलं की असाच सौदा त्याने एकविसाव्या वर्षी केला होता आणि देवाने आपली बाजू तेव्हा पाळली होती.

इमारतीच्या फाटकाशी सुशील आडवा आला.

"काका, आता नाही. चार ते सहा कोणाले वर सोडू नको म्हणून सांगतलं आहे."

"मले पिशवी आणाची आहे गा एक."

"पिशवी कुठी पळून चालली का? उद्या या न. मले काहून शिव्या खाऊ घालता?"

गिरिधर उभा राहिला. आग हा शब्द एकदा तोंडातून काढला की त्याच्यामागून सगळं बाहेर येईल, असं त्याला पस्तीस वर्षं वाटत आलं होतं. सुशील पाठ फिरवून खुर्चीकडे वळला.

"आग लागन!" गिरिधर ओरडला. "सुशील, आग लागन गा वर! म्हातारी आहे तिथी!"

सुशील वळून बघेपर्यंत गिरिधर जिन्यावर होता. लिफ्टची वाट पाहायचं त्याला सुचलंच नाही. तीन मजले तो कसा चढला ते त्याचं त्याला कळलं नाही. मागून सुशीलची पावलं वाजत होती. दार गार्गीने उघडलं. हातात गुलाबजामच्या वाट्यांचा ट्रे, चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू, आणि ते गिरिधरला बघून तिथेच थिजलं.

"काका? आता?"

तो तिच्या बाजूने आत शिरला. सोफ्यावर पाच-सहा माणसं, समोर जांभळ्या साडीत मयुरा, उन्मेष अर्धवट उठलेला. अनवाणी, घामाने निथळणारा गिरिधर त्या सगळ्यांच्या मधून गेला आणि त्याने काचेचं दार सरकवलं.

आधी वास आला. जळक्या तेलाचा, आंबूस. मग बाकड्याच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर येताना दिसली. ती सरळ यमुताईंच्या खिडकीशी जात होती. खिडकीत यमुताई कोपरावर उठून बसायची धडपड करत होत्या आणि खोकत होत्या.

"गिरिधर, पाहा बापू, काय जळून राहिलं!"

त्याने बाकड्याचं झाकण उघडलं. हवा लागताच पिशवीच्या पोटात लाल झालं. बूड वितळून खालच्या पट्टीला चिकटलं होतं आणि थिनरचा डबा वीतभर अंतरावर होता. गिरिधरने आधी डबा पायाने दूर सारला, मग पिशवी दोन्ही हातांनी कवटाळून ओढली. चिंध्या पेटल्या. पेटता गठ्ठा तसाच घेऊन तो सात-आठ पावलं गेला आणि झाडांसाठी भरून ठेवलेल्या पिंपात त्याने हातांसकट तो बुडवला. चर्र असा मोठा आवाज झाला. काळ्या वाफेने पिंप झाकून गेलं.

मग सगळेच एकदम डेकवर आले. कुणी यमुताईंची खिडकी लावून घेतली, कुणी थिनरचा डबा उचलून नेला, सुशीलने बाकड्याखाली बादलीभर पाणी ओतलं. खिडकीखाली नव्या पट्टीवर ताटाएवढा काळा डाग उमटला होता. उन्मेष आईला पाहून परत आला तेव्हा त्याचा आवाज कापत होता.

"काका, तुम्ही देवासारखे धावून आले. दहा मिनिटं अजून गेले असते तर..." पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी गिरिधरच्या खांद्यावर हात ठेवला. "अशी इमानदार माणसं आता राहिली नाहीत," ते म्हणाले.

गिरिधर हात पिंपातच ठेवून उभा होता. पाण्यात असेपर्यंत ते दुखत नव्हते.

"पण हे पेटलं कसं?" उन्मेषने विचारलं आणि त्याची नजर फिरत फिरत सुशीलवर येऊन थांबली. "तू दुपारी कुंड्या लावाले आला होता न इथं?"

"हाव साहेब. दोन वाजता."

"बिडी ओढली होती?"

"नाही जी. आईची शप्पथ."

"खिशात काय आहे मंग ते?"

सुशीलचा हात खिशाकडे गेला. बिड्यांचं बंडल शर्टाच्या पातळ कापडातून सगळ्यांनाच दिसत होतं. "ओढतो मी, पण खाली ओढतो साहेब. इथं नाही. मी तं..." तो बोलत होता आणि त्याचं बोलणं कुणी ऐकत नव्हतं. ह्याला आजच काढून टाकायला पाहिजे, असं उन्मेष गार्गीला म्हणाला. पाहुण्यांनी माना डोलावल्या.

गिरिधरची आगीची भीती मघाशी विझली होती. आता आली ती दुसरी होती, जुनी, ओळखीची. गप्प राहायला काहीच लागत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. नुसतं उभं राहायचं. दुसरी माणसं आपणहून सगळं जुळवून घेतात. आत्ता तर आरती ओवाळून घेऊन घरी जायचं होतं, ह्याच इमारतीतली आणखी दोन कामं उन्मेषने त्याच्यासाठी बोलून ठेवली होती. समोर सुशील अजून शपथा घेत होता, आणि खाली मान घालून उभं राहण्याची त्याची तऱ्हा गिरिधरने ह्याआधी हजार संध्याकाळी पाहिली होती.

"मी," गिरिधर म्हणाला.

कुणी ऐकलं नाही. त्याने हात पाण्यातून बाहेर काढले.

"साहेब, ते माह्या हातानं झालं. त्याची बिडी नाही, कोणाचीच नाही. जवसाच्या तेलाच्या चिंध्या गठ्ठा केल्या का आपोआप पेटते. मीनं गठ्ठा केला अन् इथी ठेवून चालला गेलो."

गार्गीचा चेहरा उतरला. "मीच म्हटलं होतं त्यांना, काढा म्हणून..."

"बाई, तुमी काढा म्हटलं. तुमाले काय मालूम? मले मालूम होतं." त्याला श्वास लागला होता. "पस्तीस वर्षांपासून मालूम आहे."

वडीलधाऱ्या गृहस्थांनी आपला हात कधीच मागे घेतला होता. उन्मेषच्या चेहऱ्यावरचा रंग बदलत गेला.

"माझी आई आहे हो त्या खिडकीत," तो हळू आवाजात म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"पट्टी मी बदलून देतो साहेब. नवी टाकून..."

"काही नका देऊ. जा तुम्ही. तुमचं सामान उद्या खाली ठेवून देईन."

गिरिधर निघाला. बंद खिडकीच्या काचेमागून यमुताई काहीतरी बोलत होत्या, बोट त्याच्या हातांकडे होतं. त्याने त्यांना नमस्कार केला, पण तळवे जुळवता येईनात.

खाली आल्यावर त्याला स्कूटीची किल्लीच धरता येईना. कातडी पांढरी पडून सुटत होती आणि आता आग आग होत होती. जिन्यावरून सुशील धावत आला. त्याने गिरिधरला खांद्याला धरून आपल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, माठातून पाण्याचा गडवा भरून आणला आणि त्याच्या हातांवर बारीक धार धरली.

"काहून सांगतलं काका? ते तं तुमाले देव म्हणून राहिले होते."

"तुह्यावर आलं असतं गा."

"माह्यावर तं रोजच येते कायबी," सुशील सहज म्हणाला. "सवय आहे मले."

ते ऐकून गिरिधरचे डोळे भरून आले. ते पुसायलाही हात मोकळे नव्हते. गालावरून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ते त्याने वाहू दिलं.

"वामनराव म्हणून एक माणूस होता," तो म्हणाला.

"कोण वामनराव?"

"सांगतो. टाइम आहे का तुले?"

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी फाटकाशी आली आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला. सुशील उठला नाही. डावा हात वर करून त्याने गाडीला थांबायची खूण केली, आणि उजव्या हाताने तो गिरिधरच्या तळव्यांवर पाणी ओतत राहिला.